हुकमाचा एक्का: बेसबॉलमधला 'एस' ठरतो कशावर?

विचारलेला प्रश्न असा: "आमच्या टीमच्या रोटेशनमध्ये (पाळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या पिचरच्या ताफ्यात) दोन पिचर ताशी ९८ मैलांनी फेकतात. तिसरा जेमतेम ९२-९३ मैलांनी. तरी समालोचक त्या तिसऱ्यालाच 'एस' म्हणतात. मग एस ठरतो कशावर? वेगावर, जिंकलेल्या सामन्यांवर, की स्ट्राइकआउटवर (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर बाद करण्यावर)?"

एस म्हणजे हुकमाचा एक्का, सर्वांत भरवशाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. तो ओळखावा त्याच्या वाईट दिवसावरून. सगळं जमून आलेलं असतं त्या दिवशी मेजर लीगमधला (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधला) कुठलाही स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, नवांपैकी सात इनिंग एकही धाव न देता काढू शकतो. तेवढी कुवत नसती तर तो तिथवर पोचलाच नसता. पण मोसमात त्याला बत्तीस-तेहतीस सामने सुरू करायचे असतात आणि सगळं जमून आलेले दिवस त्यात मोजकेच असतात. एरवी काही ना काही बिनसलेलं असतंच. कर्व्ह (वळून खाली पडणारा चेंडू) वळत नाही, स्लायडर (वेगाने बाजूला सरकणारा चेंडू) प्लेटच्या, म्हणजे बॅटरपुढच्या पाटीच्या, मधोमध तरंगतो, एप्रिलच्या थंडीत चेंडूवर बोटं बसत नाहीत. अशा दिवशीही जो सहा-सात इनिंग टिकतो आणि दोन-तीन धावांत सामना धरून ठेवतो, तो एस.

शब्दाचा एक घोळ आधी सोडवू. रोटेशनमधला पहिल्या क्रमांकाचा पिचर आणि एस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीम तीस आहेत, म्हणून पहिल्या क्रमांकाचे पिचरही तीस. हुकमाचे एक्के मात्र कुठल्याही वर्षी दहा-बारांच्या वर नसतात, असं माझं मत आहे. बऱ्याच टीमचा पहिला पिचर दुसऱ्या एखाद्या टीममध्ये तिसरा ठरेल.

आता जिंकलेल्या सामन्यांचं. क्रिकेट पाहणाऱ्याला हे लगेच कळेल: बोलरने वीस धावांत पाच बळी घेतले, पण आपलीच टीम साठात गारद झाली, तर दोष बोलरचा नसतो. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या स्वतःच्या हिशेबातल्या धावा, १.७० होता. २१७ इनिंग, २६९ स्ट्राइकआउट. त्याच्या नावावर विजय दहा आणि पराभव नऊ. त्याने सुरू केलेल्या बत्तीस सामन्यांपैकी मेट्सने अठरा गमावले. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स २०२५ मध्ये १.९७ ईआरएवर १०-१० राहिला. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोघांनाही मिळाला, कारण मत देणाऱ्यांनी तोवर विजयांचा रकाना बघणं सोडलं होतं. डीग्रॉमच्या त्या वर्षातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा आकडा वेगळाच आहे: सलग २९ सामन्यांत त्याने तीनपेक्षा जास्त धावा दिल्या नाहीत. एवढ्या सामन्यांत त्याचे वाईट दिवस आलेच असणार. ते धावफलकावर उमटले नाहीत.

एकच आकडा बघायचा असेल तर स्ट्राइकआउटच्या टक्क्यांतून वॉकचे (चार बॉल, म्हणजे स्ट्राइकच्या चौकटीबाहेरचे चेंडू, पडल्याने बॅटरला फुकट मिळणाऱ्या पहिल्या बेसचे) टक्के वजा करा, समोर आलेल्या एकूण बॅटरच्या हिशेबाने. हल्ली लीगची सरासरी चौदाच्या आसपास येते. वीसच्या वर वर्षभर राहणारा पिचर एसच्या दारात उभा आहे असं समजावं. पेड्रो मार्टिनेझने १९९९ मध्ये बोस्टनसाठी ८३५ बॅटरना तोंड दिलं, ३१३ स्ट्राइकआउट घेतले आणि फक्त ३७ वॉक दिले, वजाबाकी तेहतीस टक्के. पुढच्या वर्षी त्याचा ईआरए १.७४, आणि त्याच्या लीगचा सरासरी ईआरए पाचाला टेकलेला. तो काळ होमरनच्या पावसाचा होता हे लक्षात घेतलं तर या आकड्यांपुढे हात जोडावेत असंच वाटतं.

पण दारात उभं राहणं म्हणजे आत येणं नव्हे. आत येण्यासाठी लांब टिकावं लागतं आणि त्याचा हिशेब चेंडूंनी होतो. आजकाल स्टार्टरला साधारण शंभर चेंडू मिळतात. एका इनिंगला १८ चेंडू खर्च करणारा साडेपाच इनिंगवर थांबतो. १५ मध्ये भागवणारा साडेसहाच्या पुढे जातो. फरक एका इनिंगचा वाटतो, पण बत्तीस सामन्यांत तो पस्तीस इनिंगचा होतो, आणि त्या पस्तीस इनिंग बुलपेनमधल्या, म्हणजे राखीव पिचरच्या ताफ्यातल्या, सहाव्या-सातव्या रिलीव्हरला (बदली पिचरला) फेकाव्या लागतात. एसच्या आदल्या दिवशी मॅनेजर बुलपेन मोकळेपणाने वापरतो, कारण उद्या रिलीव्हरना विश्रांती मिळणार हे त्याला ठाऊक असतं. एका माणसाचा फायदा असा आदल्या, त्याच्या आणि पुढच्या अशा तीन सामन्यांना होतो. २०२४ मध्ये मेजर लीगमधल्या दोन्ही लीग मिळून चारच पिचरनी २०० इनिंग गाठल्या. म्हणजे हा गुण किती दुर्मिळ झालाय ते बघा.

चेंडू वाचतात ते पहिल्या चेंडूवर. ०-१ आणि १-० या दोन काउंटमध्ये (आधी बॉल, मग स्ट्राइक असा हिशेब) तोच बॅटर दोन वेगळी माणसं असतो. ०-१ वर तो सावध होतो, बाहेरच्या चेंडूमागे जातो. १-० वर पाय रोवून एकाच फास्टबॉलची वाट बघत बसतो. लीगमध्ये पहिला चेंडू स्ट्राइक पडण्याचं प्रमाण साधारण साठ टक्के असतं, एस पासष्टच्या आसपास ठेवतो. मात्र ती स्ट्राइक मधोमध टाकून भागत नाही. पहिल्याच चेंडूवर कर्व्ह किंवा चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा हळू चेंडू) स्ट्राइकमध्ये टाकता येणं ही एसची सही आहे.

आता टिकण्यातली खरी अडचण. बॅटिंग ऑर्डरमध्ये नऊ बॅटर. एकोणिसावा बॅटर आला की पहिल्याचा तिसरा फेरा सुरू होतो, बहुधा पाचव्या इनिंगमध्ये. बॅटरने तोवर तुमचे सात-आठ चेंडू पाहिलेले असतात, हात कुठून सुटतो, स्लायडर कुठे तुटतो हे डोळ्यांत बसलेलं असतं. वरून तुमचा वेग मैलभराने उतरलेला. म्हणून तिसऱ्या फेऱ्यात जवळपास सगळ्याच पिचरचे आकडे बिघडतात.

याचं सर्वांत चर्चित उदाहरण २०२० च्या वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे अंतिम लढतीतला, सहावा सामना. टॅम्पा बेचा ब्लेक स्नेल ७३ चेंडूंत दोन हिट आणि नऊ स्ट्राइकआउटवर होता, आघाडी १-० ची. समोरच्या डॉजर्सचे पुढचे तिघे बॅटर, बेट्स, सीगर आणि टर्नर, त्याच्यासमोर सहा वेळा येऊन सहाही वेळा स्ट्राइकआउट झालेले. ऑस्टिन बार्न्सची एक सिंगल (एका बेसची हिट) पडली आणि मॅनेजर केव्हिन कॅशने स्नेलला बाहेर काढलं. रिलीव्हरला बेट्सने डबल मारली आणि त्याच इनिंगमध्ये डॉजर्स पुढे गेले. त्या रात्री तो निर्णय चुकलाच. पण तो आला कुठून? त्या वर्षी स्नेलने एकाही सामन्यात सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या. दोन साय यंग पुरस्कार मिळवणाऱ्या पिचरच्या हाताविषयी शंका नाही. मॅनेजरला मात्र त्या क्षणी तिसऱ्या फेऱ्याचा भरवसा वाटला नाही, आणि एस म्हणजे ज्याच्या बाबतीत असा विचार डगआउटमध्ये (टीमच्या बाकावर) कोणाच्या मनातही येत नाही तो.

तिसरा फेरा पार करायचा तर काहीतरी राखून ठेवावं लागतं. एक प्रसंग जवळून बघू. सहावी इनिंग, एक बाद, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर, आघाडी एका धावेची, पिचरचे ८४ चेंडू झालेले. पिचर उजवा, समोर चौथ्या क्रमांकाचा डावखुरा बॅटर, तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळी त्याला फास्टबॉल आणि चेंजअप एवढंच दाखवलेलं, कर्व्ह मुद्दाम दाखवलेली नाही. साधा पिचर इथे जिवाच्या आकांताने फास्टबॉल फेकतो. खांदा लवकर उघडतो, चेंडू वर आणि हाताच्या बाजूला निसटतो: १-०. पुन्हा तसंच, २-०. आता स्ट्राइक टाकणं भाग, आणि बॅटरलाही ते माहीत.

एस पहिलाच चेंडू कर्व्ह टाकतो, खांद्यापासून निघून गुडघ्याच्या वर स्ट्राइकमध्ये उतरणारी. बॅटर फास्टबॉलच्या तयारीत असल्याने नुसता बघत राहतो. ०-१. मग कटर (शेवटी किंचित बाजूला सरकणारा फास्टबॉल) किंवा साधा फास्टबॉल आतल्या बाजूला, प्लेटच्या कडेपासून दोन-तीन इंच हाताकडे. मारला तर फाउलच (रेषेबाहेर, म्हणजे स्ट्राइक). ०-२. आता वरचा फास्टबॉल मोहात पाडतो, पण तो बॅटच्या वरच्या अंगाला लागला तर फ्लाय (उंच फटका) उडेल आणि झेल घेतला गेला तरी तिसऱ्या बेसवरचा रनर आरामात घरी येईल. म्हणून चेंडू खाली. गुडघ्याखाली पडणारा चेंजअप, फास्टबॉलपेक्षा नऊ-दहा मैलांनी हळू, पण हाताचा वेग तोच. त्यावर बॅट हवेत फिरेल किंवा ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) निघून डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद) होईल. फास्टबॉलला प्लेटपर्यंत पोचायला सुमारे ०.४० सेकंद लागतात, चेंजअपला ०.४५. एवढ्या पाच शतांश सेकंदांवर सगळं चालतं, कारण बॅट एक शतांश सेकंद जरी लवकर आली तरी चेंडू फाउल लाइनकडे जातो. हात किंचित हळू केला की मात्र तो फरक बॅटरला आधीच दिसतो आणि चेंजअप हा ताटात वाढलेला चेंडू होतो.

या सगळ्याच्या मुळाशी कमांड. कंट्रोल म्हणजे स्ट्राइक टाकता येणं, कमांड म्हणजे १७ इंचांच्या प्लेटची हवी ती कड सापडणं. टीव्हीवर कॅचरचा (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याचा) ग्लोव्ह बघत बसलात तर कळेल की मेजर लीगचे पिचरही वीतभर-फूटभर सहज चुकतात. एसही चुकतो. फरक चूक कोणत्या बाजूला होते याचा. बाहेर-खाली टाकायचा स्लायडर चुकला तर एसचा अजून बाहेर, अजून खाली जातो, म्हणजे बॅटरला फक्त एक बॉल मिळतो. साध्या पिचरचा मधोमध राहतो, म्हणजे होमरन. सराव करतानाच नेम कडेवर न धरता कडेच्या बाहेर धरायचा, म्हणजे चुकीला जागा राहते.

हे सगळं एकत्र बघायचं असेल तर १४ ऑक्टोबर १९६५ चा सामना घ्या. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, मिनेसोटाच्या मैदानात, डॉजर्सकडून सँडी कूफॅक्स, तोही फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर. पहिल्याच इनिंगमध्ये दोन वॉक. त्याची कर्व्ह खेळातल्या सर्वोत्तम कर्व्हपैकी मानली जायची आणि नेमकी तीच त्या दिवशी स्ट्राइकमध्ये पडेना. बुलपेनमध्ये डॉन ड्रायस्डेल तयारीला लागलेला. कूफॅक्स आणि कॅचर जॉन रोझबोरो यांनी मग कर्व्ह जवळपास बाजूलाच ठेवली आणि सामना फास्टबॉलवर काढायचं ठरवलं. एकाच चेंडूवर खेळायचं तर त्याची जागा तरी दर वेळी बदलली पाहिजे: वर, आत, बाहेर, पुन्हा वर. पाचव्या इनिंगमध्ये दोन रनर असताना मिनेसोटाच्या व्हर्सालेसचा जोरदार ग्राउंडर तिसऱ्या बेसवर जिम गिलियमने उलट्या हाताने अडवला. तेवढी साथ लागतेच. नवव्या इनिंगमध्ये किलब्रूची सिंगल, त्यानंतर बॅटी आणि अ‍ॅलिसन दोघेही स्ट्राइकआउट. निकाल २-०, तीन हिट, दहा स्ट्राइकआउट. त्या मोसमातली त्याची परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर न जाऊ दिलेला सामना) सगळ्यांना आठवते. माझ्या मते एसची व्याख्या शिकवायला हा सातवा सामना जास्त उपयोगी आहे, कारण इथे अर्धं शस्त्र म्यानातच राहिलं होतं.

वेगाबद्दल. वेग हवाच, कारण वेगाने चूक झाकली जाते: ९८ मैलांचा मधोमध आलेला चेंडूही कधीकधी वाचतो, ९० चा वाचत नाही. पण वेगाची जागा दुसऱ्या गोष्टी घेऊ शकतात. ग्रेग मॅडक्सचा फास्टबॉल नव्वदच्या आतबाहेर असायचा. डावखुऱ्याच्या कमरेच्या रोखाने निघालेला त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी वळून आतल्या कडेवर यायचा. बॅटर अंग काढून घ्यायचा आणि पंच स्ट्राइक द्यायचा. १९९२ ते १९९५ सलग चार साय यंग, १९९७ मध्ये २३२ इनिंगमध्ये फक्त २० वॉक, आणि त्यातलेही सहा मुद्दाम दिलेले. आजच्या पिढीत सॅन फ्रान्सिस्कोचा लोगन वेब बघा. बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींना तो प्रत्यक्ष मैदानात बघता येईल. त्याचा सिंकर (खाली पडणारा फास्टबॉल) साधारण ९२-९३ मैलांचाच, पण सिंकर आणि चेंजअप एकाच उंचीवरून निघून खाली पडतात, बॅटर चेंडूच्या माथ्यावर मारतात आणि ग्राउंडरमागून ग्राउंडर निघतात. २०२३ मध्ये त्याने २१६ इनिंग टाकल्या, दोन्ही लीगमध्ये सर्वांत जास्त. तुमच्या टीमचा तिसरा पिचर बहुधा याच घराण्यातला असावा.

रनर बेसवर आल्यावरची शिस्त टीव्हीवर नीट दिसत नाही. पिचरच्या पहिल्या हालचालीपासून चेंडू कॅचरकडे पोचेपर्यंत १.३ सेकंद आणि कॅचरचा दुसऱ्या बेसपर्यंतचा थ्रो २ सेकंद धरा. ३.३ सेकंदांत चपळ रनर जेमतेम सापडतो. पिचरने १.५ घेतले की कॅचर कितीही चांगला असो, बेस चोरीला जातो. २०२३ पासून पिचरला एका बॅटरमागे दोनदाच रनरला रोखायला माउंडवरच्या (पिचरच्या उंचवट्यावरच्या) पट्टीवरून पाय काढता येतो. तिसऱ्यांदा रनर बाद झाला नाही तर त्याला एक बेस फुकट मिळतो. त्यात वर घड्याळ: बेस रिकामे असताना १५ सेकंद, आता रनर असताना १८. म्हणून एस चेंडू धरून ठेवण्याची वेळ बदलत राहतो. एकदा तीन सेकंद, एकदा सात. रनरला ताल सापडू द्यायचा नाही.

आणि चेंडूची चुगली करायची नाही. २०१९ च्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) ह्यूस्टनविरुद्ध टॅम्पा बेच्या टायलर ग्लासनाऊचा ग्लोव्ह फास्टबॉलच्या वेळी वर आणि कर्व्हच्या वेळी खाली थांबत होता. पहिल्याच इनिंगमध्ये चार धावा गेल्या. हाताला काहीही झालेलं नव्हतं.

दोन सामन्यांमधले चार दिवस हे एसचं दुसरं कामाचं ठिकाण. पहिल्या दिवशी पायांचा व्यायाम, हलकी फेकाफेक आणि कालच्या चेंडूंचा व्हिडिओ. मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी बुलपेनमध्ये सराव: पंचवीस-तीस चेंडू, पूर्ण जोर न लावता, आणि त्यातले निम्मे मागच्या सामन्यात बिनसलेल्या चेंडूचे. नंतर लांब अंतरावरून फेक. शेवटी कॅचरबरोबर बसून प्रत्येक बॅटरचा आराखडा. होतकरू पिचर इथे नेहमी एक चूक करतात. बुलपेनमध्ये ते आपला सर्वांत चांगला चेंडू पुन्हापुन्हा टाकून मन भरून घेतात. वाईट दिवसासाठी तिसऱ्या प्रकारचा चेंडू याच तीस चेंडूंत तयार होतो.

एस जन्मजातच असतो असं मानू नका. रॉय हॅलडेचा २००० मधला ईआरए १०.६४ होता. पुढच्या वर्षी टोरांटोने त्याला थेट खालच्या ए लीगमध्ये पाठवलं. त्याचा हात सरळ वरून यायचा, त्यामुळे फास्टबॉल वेगवान पण सरळसोट. मेल क्वीन या कोचने हाताचा कोन खाली आणला. चेंडू वळू लागला, सिंकर आणि कटर मिळाले. २००३ मध्ये २६६ इनिंग, ३२ वॉक आणि साय यंग. २०१० मध्ये फिलाडेल्फियाकडून परफेक्ट गेम, दुसरा साय यंग, आणि ऑक्टोबरमध्ये सिनसिनाटीविरुद्ध प्लेऑफमध्ये नो-हिटर (एकही हिट न दिलेला सामना).

ऑक्टोबरचं तेवढं सांगतो. प्लेऑफमध्ये एस आपली पाळी सोडूनही उभा राहतो. मॅडिसन बमगार्नरने २०१४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पाचवा सामना एकट्याने संपवला आणि दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर सातव्यात रिलीव्हर म्हणून येऊन पाच इनिंग शून्यावर काढल्या, ६८ चेंडूंत. २०२५ मध्ये योशिनोबु यामामोतोने सहावा सामना सुरू करून जिंकला आणि लगेच दुसऱ्या दिवशी सातव्यात येऊन शेवटचे आठ बाद मिळवले. हे दर वर्षी मागू नये. कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट तुटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया आणि वर्ष-दीड वर्ष घरी.

तुमच्या तिघा पिचरबाबत एक काम करा. प्रत्येकाचे या मोसमातले सर्वांत वाईट दहा सामने काढा, चांगले बाजूला ठेवा. त्या दहांत किती इनिंग टिकला, किती धावा दिल्या, तिसऱ्या फेऱ्यात काय झालं, एवढंच लिहा. ९८ वाल्यांच्या यादीत चार इनिंग-सहा धावा असे आकडे दिसले आणि त्या तिसऱ्याच्या यादीत सहा इनिंग-तीन धावा, तर समालोचक बरोबर आहेत.